प्रयोग संपल्यावर पोरं गप्प का होतात?

"मॅडम, नाटक होतं तोवर घरात टिकत नव्हता, आता नाटक संपलंय तर खोलीतनं बाहेर येत नाही." शिवाजी विद्यापीठाचे युवा महोत्सव उरकले, एकांकिका स्पर्धांचे निकाल लागले, की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास येतं. कधी मुलाबद्दल, कधी मुलीबद्दल.

खरं तर कोल्हापूरला नाटकाचं वेड समजावून सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा रडणारी मोठी माणसं याच गावानं पाहिली. पण घरातलं पोरगं नाटक संपलं म्हणून तोंड पाडून बसलं, की "एवढं काय झालंय?"

असाच एक मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. आई बोलत होती, वडील घड्याळाकडे बघत होते, मुलगा फरशीकडे. हजेरी घसरलेली, दोन विषय राहिलेले. त्यात यानं घरी जाहीर केलं होतं की इंजिनिअरिंग सोडून अभिनय करायला पुण्याला जाणार.

"टाळ्यांची नशा चढलीय," वडील म्हणाले.

त्यांना बाहेर बसवून मी मुलाला विचारलं, "काम काय होतं तुझं?"

"हवालदार. चार वाक्यं."

चार वाक्यांना टाळ्या पडून पडून किती पडणार? "मग त्यातलं सारखं काय आठवतं?"

"एन्ट्रीच्या आधी विंगेत उभा होतो. टोपी ढिली होत होती. आमची दिग्दर्शक आली, तिनं टोपीच्या आत कागदाची घडी घातली आणि दाबून बसवली. तिचेच हात थरथरत होते. म्हणाली, जा भावा, फोड."

"आणि टाळ्या?"

"पडल्या असतील. लक्ष नव्हतं."

तोवर एकसुरी बोलणाऱ्या मुलाचा आवाज टोपीपाशी बदलला होता. माणूस कारण काय सांगतो ते मी ऐकतेच, पण त्याचा आवाज कुठं बदलतो ते जास्त नीट ऐकते. पुढच्या भेटीत तोच धागा धरला.

"दिवसातली कुठली वेळ जड जाते?"

"सहा. तालमीची. उशीर झाला की सरळ फोन यायचा, कुठं मेलास, तुझ्यावाचून सीन अडलाय."

"आणि आता?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता माझ्यावाचून कुणाचं काय अडत नाही, मॅडम." आणि ढसाढसा रडला. मी रडू दिलं.

वडिलांना वाटत होतं टाळ्या, मुलाला वाटत होतं अभिनय. दोघांचाही नेम चुकला होता. आपण कुणाचे तरी आहोत आणि आपला कुणाला तरी उपयोग आहे, ही माणसाची मूळ भूक आहे असं मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर मानायचा, आणि मी त्याच्याच वाटेनं चालणारी. कॉलेजच्या भरल्या वर्गात एक पोरगं आलं नाही तर तास थांबत नाही. अर्ध्या तासाच्या एकांकिकेत हवालदार आला नाही तर सगळं थांबतं. दीड-दोन महिने रोज संध्याकाळी ही किंमत अनुभवायची, एकमेकांचे संवाद पाठ होईपर्यंत एकत्र राहायचं, रात्री उशिरा नेपथ्याच्या फळ्या टेम्पोत चढवायच्या. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी हे सगळं बंद. मग पोरगं गप्प होणार नाही तर काय?

हे वडिलांना व्याख्यान देऊन पटलं नसतं. मी त्यांना आपल्या गावचा प्रश्न विचारला, "तुम्ही कुठल्या तालमीचे?" (नाटकाची नव्हे, पेठेतली तालीम.) घड्याळ विसरले. पेठेच्या संघातनं फुटबॉल खेळायचे, शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस मिनिटामिनिटानं आठवत होत्या.

"सीझन संपला की काय करायचा?"

"काय करणार? पाय वळवळायचे. संध्याकाळी उगाच तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं सगळ्यांनी." मग जरा थांबून, "ह्याला कट्टाच नाही की."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं नाही. तिथवर त्यांना आणलं मात्र मी, एवढं श्रेय घेते.

अशा घरांना मी सांगते ते हे. प्रयोगानंतरचे काही दिवस मूल मिटलेलं राहणार, हे धरून चाला. "झालं का नाटक?" यातला खवचटपणा पोरांना बरोब्बर कळतो. त्यापेक्षा कोण कुठलं काम करत होतं, कुणाची फजिती झाली, ते विचारा, तासभर बोलतील. हजेरीचा आणि राहिलेल्या विषयांचा हिशेब जरूर मांडा, पण शिक्षा म्हणून नाटक तोडू नका, कारण तोडायला निघता ती त्याची माणसं असतात.

आणि पोरांनो, या दिवसांत आयुष्याचे निर्णय घेऊ नका. नुसतं चहाला भेटून आठवणी काढल्या तर मन आणखी खचतं; भेटायला काहीतरी काम काढा. अभिनय हवा की ती माणसं हवीत, याची माझी एक कसोटी आहे: ओळखीचं कुणी नसलेल्या गावात, एकट्यानं, तासन्‌तास एकच उतारा घोकायला आवडेल का? आवडेल म्हणणारी मुलं मला भेटली आहेत, आणि त्यांच्या घरी मी पुण्याची बाजू मांडली आहे. हा मुलगा मात्र हसला. "पाठांतराचा तर मला कंटाळा आहे."

त्यानं पहिल्या वर्षाच्या पोरांच्या पथनाट्याची जुळवाजुळव अंगावर घेतली. सहाला परत फोन वाजू लागला. दोनपैकी एक विषय सुटला, एक अजून आहे.

मात्र झोप आणि जेवण बिघडून दोन आठवडे उलटले, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा एकदा जरी आली, तर नाटकाचं नाव लावून वाट बघत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

शेवटच्या भेटीत आईनं विचारलंच, "म्हणजे पुढच्या वर्षी परत नाटक करणार हा?"

"करणार. या वर्षीचं तुम्ही बघितलं होतं का?"

दोघांनीही मान हलवली. नाही.

"तिकीट किती असतं?" वडिलांनी विचारलं.

"महोत्सवाला कसलं तिकीट? लवकर जाऊन जागा धरा."