टीममध्ये काम करताना नेमकं कुठे अडतं आणि फायदा काय होतो?

बरेचदा अडतं ते स्वभावांमुळे नाही, निरोपांच्या गर्दीमुळे. ५ जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १० होतात, १० जणांत थेट ४५! म्हणून मोठ्या टीमचे छोटे गट पाडा.

दुसरं दुखणं म्हणजे 'कुणीतरी करेल'. "अहवाल आपण शुक्रवारी पाठवू" असं ठरलं की तो हमखास राहतो, कारण 'आपण' म्हणजे कुणीच नाही. प्रत्येक कामापुढे एकच नाव, तारीख आणि 'झालं' म्हणजे नेमकं काय, हे लिहाच. बैठकीत नवख्यांना आधी बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

फायदा? आपल्या नजरेतून दहादा सुटलेली चूक दुसऱ्याला चटकन दिसते. शिवाय एकाने रजा घेतली तरी काम थांबत नाही, मात्र ते किमान दोघांना येत असलं पाहिजे.