साबण-सोड्याने इंजिनचे पार्ट धुवावेत का? आधी सांगा, कोणता सोडा

तुम्ही विचारलंय की जुन्या स्प्लेंडरचं इंजिन खोललंय, हेड कव्हर, क्लच कव्हर, कार्बोरेटर सगळं ऑइल आणि मातीने माखलंय, महागाचा डीग्रीझर न आणता घरातल्या साबण-सोड्याने किंवा हार्पिकने साफ केलं तर चालेल का.

साबणाने चालेल. हार्पिक अजिबात नको. आणि सोडा म्हणालात, तर कोणता सोडा ते आधी सांगा. तुमचा प्रश्न वाचून मी उत्तर लिहायला बसलो ते याच एका शब्दामुळे.

आपल्याकडे तीन वेगळ्या वस्तूंना सोडाच म्हणतात. खायचा सोडा भज्यांत पडतो. धुण्याचा सोडा कपड्यांच्या पावडरीत असतो. तिसरा कॉस्टिक सोडा, जो साबण बनवायला आणि तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात आणि जो हाताला लागला तर कातडी सोलून काढतो. दुकानदाराला फरक कळतो. घरात बोलताना मात्र तिघांचा एकच सोडा होतो आणि तिथेच घोटाळा होतो. आमच्या घरात तो १९९६ साली झाला आणि अजून मिटलेला नाही.

आमच्या आप्पांकडे १९८६ ची बजाज चेतक होती. नंबर लावून काही वर्षं वाट बघितल्यावर मिळालेली. त्या काळी बहुतेकांची तीच गत होती. दहा वर्षांत तिने आप्पांना कोल्हापूरभर फिरवलं, पण पुढे ती ओढेना. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये दोन टक्के ऑइल, त्यामुळे हेडवर, पिस्टनच्या डोक्यावर आणि सायलेन्सरमध्ये कार्बनचे थर बसलेले. दादा तेव्हा शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींच्या हाताखाली काम शिकत होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून अंगणात इंजिन खोललं. आप्पांनी परवानगी दिली ती दादाच्या भरवशावर.

पार्ट धुवायचं काम माझ्याकडे आलं. रॉकेल कमी होतं, रेशनचं निळं रॉकेल आईने स्टोव्हसाठी मोजून ठेवलेलं. म्हणून मी आधी लाकडाच्या चिपाटाने जाड घाण खरवडून काढली, थोड्या रॉकेलने ब्रश मारला आणि मग बादलीभर गरम पाण्यात धुण्याची पावडर टाकून एकेक पार्ट दाताच्या जुन्या ब्रशने घासला. रात्री अकरापर्यंत बसलो होतो. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाण्यातून काढल्यावर पाच मिनिटांत त्याच्यावर तांबूस झाक यायला लागली, तशी मी तो पुसून लगेच ऑइलचा हात फिरवला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आईच्या विळीला ती खोबरेल लावून ठेवायची, त्यावरून सुचलं.

तेलकटपणा सगळा गेला. कार्बन मात्र तसाच राहिला, कारण साबण तेल काढतो, जळून घट्ट झालेला कार्बन काढत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेलो होतो. मेस्त्रींनी दादाला सायलेन्सर साफ करायची युक्ती सांगितली होती, ‘सोड्याच्या पाण्यात भिजव, कार्बन सुटून येईल.’ युक्ती बरोबर होती. मेस्त्रींच्या तोंडचा सोडा म्हणजे कॉस्टिक आणि सायलेन्सर म्हणजे पोलादी पत्रा. पत्र्याला कॉस्टिक काही करत नाही, आतला तेलकट कार्बन मात्र मऊ पडतो. दादाने सायलेन्सर भरला. पाणी उरलं. मग त्याच पाण्यात त्याने पिस्टन, हेड, कार्बोरेटर आणि सिलिंडर, सगळंच प्लॅस्टिकच्या टबात बुडवून ठेवलं आणि जेवायला गेला.

मी दोनच्या सुमाराला घरी आलो तर टब फसफसत होता. वर करडा फेस, पाणी इतकं गरम की टबाला हात लावता येईना, आणि घशात खवखवणारी वाफ. काठीने पार्ट बाहेर काढले. पिस्टनच्या रिंगा बसायच्या खाचा रुंद होऊन गेल्या होत्या. हेडमधले प्लगचे आटे बोटाने पुसून जातील इतके मऊ. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, ती काळी पडून खरवडल्यासारखी झालेली. त्यातली पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी, जशीच्या तशी होती. आणि बिडाचा सिलिंडर कारखान्यातून आल्यासारखा लख्ख.

संध्याकाळी आप्पा आले. दादाने सांगितलं, ‘सोड्याच्या पाण्याने खराब झाले.’ एवढंच. आप्पांनी कोणता सोडा ते विचारलं नाही. आदल्या रात्री त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी मला बादलीत पावडर ओतताना पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दादा गप्प राहिला. मीही गप्प राहिलो, कारण दादा काहीतरी बोलेल असं मला वाटत होतं.

नवं हेड, पिस्टन, रिंगा, कार्बोरेटर, सगळं आणावं लागलं. आप्पा २०११ साली गेले. तोपर्यंत त्यांनी मला त्या स्कूटरच्या इंजिनाला कधी हात लावू दिला नाही. हवा भरून आणायची, पुसायची, एवढंच माझं काम. घरात कुणी गाडी खोलायचं नाव काढलं की दादा अजूनही म्हणतो, ‘साबण-पाण्याचं काम नाही ते, पेट्रोलनेच धुवायचं.’ आणि लोक माझ्याकडे बघतात.

साबणाने किंवा पाण्याने नुकसान झालं असतं तर आधी बीड गंजलं असतं आणि ॲल्युमिनियम शाबूत राहिलं असतं. त्या दिवशी बरोबर उलटं झालं. लोखंड सुरक्षित, ॲल्युमिनियम आणि जस्त खाल्लेलं. हे काम फक्त कडक अल्कलीच करते. ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तोच त्याला सांभाळतो. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साधारण चार ते नऊ पीएचच्या मध्ये तो थर टिकतो. कॉस्टिकचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. थर विरघळला की उघडा पडलेला धातू पाण्याशी भिडतो, हायड्रोजन वायू सुटतो आणि उष्णता निघते. टब फसफसत होता आणि तापला होता तो यामुळे. पाणी तापलं की क्रिया अजून जोरात होते, म्हणून तासाभरात एवढा नाश झाला.

आमच्या आईला हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण तो पिस्टन हातात घेऊन तिने पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? ‘हे जर्मनचं आहे ना रे? मग सोड्यात कशाला घातलंत?’ ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना आपल्या बायका जर्मनची भांडी म्हणतात आणि त्यांना सोडा लावला की ती काळी पडतात हे प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत असतं. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना माहीत नसतं. माझं स्पष्ट मत आहे, इंजिन खोलणाऱ्याने आधी भांडी घासणाऱ्या माणसाला विचारावं.

आप्पा गेल्यावर एक वर्षाने मी भंगारातून जुना पिस्टन आणून हॅक्सॉने त्याचे तीन तुकडे केले. गॅलरीत उघड्यावर तीन काचेच्या बरण्या ठेवल्या. पहिलीत भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी, दुसरीत धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, तिसरीत चमचाभर कॉस्टिक. तिसरीत बघता बघता फेस आला. दुसरीत बारीक बुडबुडे चिकटले आणि तुकडा मळकट करडा पडला. पहिल्या बरणीतला तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी काढला, पुसला, काही फरक नाही. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘आता कशाला ते.’

आता तुमच्या पार्टांकडे येतो. एक लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरमधला असला तरी चालेल. ज्याला चिकटेल ते लोखंड-पोलाद, ज्याला चिकटणार नाही ते ॲल्युमिनियम, जस्त किंवा पितळ समजा. तुमची दोन्ही कव्हरं आणि कार्बोरेटर न चिकटणाऱ्यांत येतील. त्यांना भांडी घासायचं लिक्विड. पण पार्ट ओला करायच्या आधी, कोरड्या तेलकट पार्टावर लिक्विड तसंच घट्ट चोळा, दहा मिनिटं ठेवा आणि मग गरम पाणी आणि ब्रश. आधी पाणी ओतलं की लिक्विड वाहून जातं आणि तेल जागच्या जागी राहतं. घाण फारच जाड असेल तर पहिला हात डिझेलने मारा. रॉकेल आता मिळणं अवघड झालंय.

खायचा सोडा ॲल्युमिनियमवर थोड्या पाण्यात कालवून चोळायला बरा, सौम्य आहे. पण तो उकळू नका. उकळला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. आणि कार्बोरेटरच्या आत नको, कण जेटच्या भोकात अडकतात. कार्बोरेटर सुटा करून साफ करणं हा वेगळाच विषय आहे, इथे लिहीत बसत नाही. फक्त जेटमध्ये सुई किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिते.

व्हिनेगर, लिंबू, चिंच यांनी गंज निघतो, तेल नाही. हार्पिकमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही खातं. चेन किंवा स्प्रिंग त्यात बुडवलीत तर कडक पोलाद ठिसूळ होऊन चालत्या गाडीत तुटू शकतं.

पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं, कारण दादाचा हट्ट तोच आहे. पेट्रोल तेल झटकन काढतं, नाकारत नाही. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत पोचते. पेट्रोलचं घमेलं अंगणात आणि देवघरात समई, अशी घरं मी पाहिलीत. त्यात बेंझिन असतं. १९९६ साली आमच्याकडचं पेट्रोल शिशाचं होतं, बिनशिशाचं देशभर व्हायला २००० साल उजाडलं, आणि उद्यमनगरातली पोरं त्यात कोपरापर्यंत हात बुडवून पार्ट धूत होती. दादाही धूत होता.

आणि एका कामात तर साबणच पेट्रोलपेक्षा सरस आहे. सिलिंडर बोअर मारून, होनिंग करून (म्हणजे आतली भिंत थोडी रुंद करून, घासून) आणला की त्याच्या बारीक रेघांत घासणीचे कण बसलेले असतात. पेट्रोल, रॉकेल, डिझेल त्यांच्यावरून वाहून जातं, कण तिथेच राहतात आणि पहिल्याच शंभर किलोमीटरला नव्या रिंगा घासून खातात. गरम साबणाच्या पाण्याने ब्रश मारून, पांढरं फडकं आतून फिरवलं आणि ते पांढरंच बाहेर आलं, की सिलिंडर खरा साफ. लगेच पुसायचा, लगेच ऑइल. नीट काम करणारे इंजिन मेस्त्री हेच करतात. दादा आता स्वतः गॅरेज चालवतो आणि बोअर मारून आलेला सिलिंडर तो साबणानेच धुतो. मी पाहिलंय.

एक मान्य करतो. माझ्या त्या रात्रीच्या पावडरीतही धुण्याचा सोडा होताच, आणि हेडवर थोडी काळसर छटा आली होती. आज मी ॲल्युमिनियमला कपड्यांची पावडर वापरणार नाही. पण ती छटा होती, खड्डे नव्हते.

तो खाल्लेला पिस्टन मी टाकला नाही. दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. तो माझ्या कपाटात खालच्या खणात आहे, शेजारी बरणीतला तुकडाही आहे. गणपतीला येशील तेव्हा दोन्ही हातात घेऊन बघ, आणि वहिनींसमोर एकदा सांग की तो सोडा कोणता होता.

ता. क. काही गोष्टी राहिल्या. क्लच प्लेटा साबणात टाकू नका, मी कव्हरांबद्दल बोलतोय. मॅग्नेटची कॉइल पाण्यापासून लांब ठेवा. गॅसकेट आणि ऑइल सील जुनेच परत बसवू नका. लोखंडी सायलेन्सरसाठी कॉस्टिक वापरलंतच, तर पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, उसळून तोंडावर येतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा पाहिजेच, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाते. हार्पिक आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन सुटतो. वापरलेलं डिझेल गटारात न ओतता डब्यात ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं.