दोन मॅच हरून चॅम्पियन कसे काय?

प्रश्न: माझी मुलगी कोलंबसला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची फुटबॉल टीम मिशिगनकडून हरली तेव्हा फोनवर अगदी रडवेली झाली होती, आणि जानेवारीत ओरडत फोन, आई आपण चॅम्पियन! दोन मॅच हरलेली टीम चॅम्पियन कशी? आणि त्या एका मॅचचं एवढं काय?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, हे अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचं ते. रेग्युलर सीझन बाराच मॅचचा, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर, बहुतेक शनिवारी. मग कमिटी रँकिंग लावते आणि वरच्या टीम्स प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात. आधी चारच घ्यायचे, २०२४ पासून बारा केल्या, म्हणून १०-२ वाली (दहा जिंकलेली, दोन हरलेली) ओहायो स्टेट आठव्या सीडवर, म्हणजे आठव्या क्रमांकावर आत आली, जुन्या नियमात सीझन तिथेच संपला असता. काही लोकांना हे पटत नाही, मला विचाराल तर नियम चांगलाच आहे, ओहायो स्टेटला पुढे चार मॅच जिंकूनच कप मिळाला ना.

पहिली हार ओरेगनकडून, ३२-३१, तीही ओरेगनच्या मैदानावर, ती पचली. मिशिगनची नाही पचली. तिकडे वर्षभराची सगळ्यात मोठी मॅच तीच, शंभराहून जास्त वर्षांचं वैर आहे. मिशिगनचं ते वर्ष यथातथाच, ६-५ वर आलेले, आणि कोलंबसमध्ये लाखभर लोकांसमोर त्यांनी १३-१० ने हरवलं, सलग चौथ्यांदा! जेरमाया स्मिथसारखा रिसीव्हर (लांबून फेकलेला बॉल झेलणारा) हाताशी असून ओहायो स्टेट सारखी मैदानाच्या मधल्या भागातूनच बॉल घेऊन घुसत राहिली आणि नेमके तिथेच मिशिगनचे तगडे गडी उभे होते. कोच रायन डे यांना काढा म्हणून लोक मागे लागले.

मग प्लेऑफला बॉल फेकून हवेतून जायला लागला आणि टीमच बदलली. टेनेसी ४२-१७, आणि त्याच ओरेगनला 'रोझ बोल' नावाच्या मॅचमध्ये ४१-२१, पहिल्या हाफमध्येच ३४-० करून ठेवलं होतं. टेक्सासची मॅच मात्र श्वास रोखायला लावणारी. ओहायो स्टेट २१-१४ पुढे, टेक्सास गोल लाईनपासून एका यार्डावर आलेली, तिथून मागे रेटली गेली आणि मग ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्सासच्या क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) हातून बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत थेट गोल लाईनपार, टचडाउन! ज्याचा बॉल उडवला तो क्विन एवर्स एकेकाळी ओहायोतला त्याचाच रूममेट. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून कप घेतला.

आता लेकीला एवढंच विचारा की कप मिळाल्यावर मिशिगनचं दुःख गेलं का. मला वाटतं ती नाही म्हणेल, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे.