दोन दिवस, आजी-आजोबा आणि मुलं: गाडीशिवाय नाशिकमधली संग्रहालयं कशी बघावीत?

पुण्याहून बसने येताय आणि मुलांना देवळांसोबत संग्रहालयंही दाखवायचीत, तर मुक्काम सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) आसपास घ्या. सिटीलिंकच्या (नाशिकच्या शहर बससेवेच्या) आणि एसटीच्या बस तिथून सोप्या पडतात.

पहिल्या दिवशी सकाळी त्र्यंबकची बस पकडून अंजनेरीला उतरा. तिथलं नाण्यांचं संग्रहालय मला नाशिकमधलं सगळ्यात मोलाचं ठिकाण वाटतं. जाण्याआधी मुलांना जोगळटेंभीची गोष्ट जरूर सांगा. 1906 मध्ये नाशिकजवळच्या या गावात क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता! नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची खूण. दुपारी पांडवलेणी केलीत तर दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचे शिलालेख आणि तिसऱ्यात गौतमीपुत्राच्या आईचा, म्हणजे दोन्ही घराणी एकाच डोंगरावर भेटतात. चढ पायऱ्यांचा आहे. गुडघे दुखत असतील तर आजी-आजोबांना पायथ्याच्या फाळके स्मारकात बसवा.

गारगोटी संग्रहालय सिन्नरला, पुण्याच्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे ते परतीच्या दिवशी ठेवा. सिन्नर स्टँडवरून रिक्षा करावी लागेल. रिक्षावाल्याला 'माळेगाव एमआयडीसी' सांगा. मालेगाव तालुक्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेले हिरवे, गुलाबी स्फटिक बघून लहान मुलं तिथून हलत नाहीत.

सुट्टीचा वार आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचाराच.