नाना फडणवीसांकडे फ्रेंच वकील पाठवणारा मंत्री सार्तीन कोण होता?

तुम्ही विचारलंय की १७७७ मध्ये सेंट लुबिनला पुण्याला पाठवणारा फ्रेंच आरमारमंत्री मुळात पोलीस अधिकारी होता हे खरं का, आणि असेल तर त्याला आरमार कसं जमलं.

खरं आहे. आंत्वान द सार्तीन १७२९ मध्ये स्पेनमधल्या बार्सिलोनात जन्मला, कारण त्याचे फ्रेंच वडील तिथे स्पेनच्या राजाच्या नोकरीत होते. १७५९ पासून १५ वर्षं तो पॅरिसचा पोलीसप्रमुख होता. आपल्याकडच्या कोतवालासारखंच हे पद होतं. चोर पकडणं हा त्यातला एक भाग, बाकी धान्याचा पुरवठा, रस्त्यांची सफाई, छापखान्यांवर नजर, सगळं त्याच्याकडेच. मेणबत्तीच्या कंदिलांच्या जागी तेलाचे दिवे लागले आणि पॅरिसचे रस्ते रात्री उजळले, ते त्याच्याच काळात.

ऑगस्ट १७७४ मध्ये सोळाव्या लुईने त्याला आरमार दिलं. समुद्राचा अनुभव शून्य. पण माझ्या मते त्या क्षणी फ्रान्सला दर्यावर्दीपेक्षा कारभारीच हवा होता. इंग्रजांशी झालेल्या 'सात वर्षांच्या युद्धात' (१७५६-६३) आरमाराचं कंबरडं मोडलं होतं. शिवाय गोद्यांमध्ये हिशेब ठेवणारे मुलकी अधिकारी आणि जहाजांवरचे लष्करी अधिकारी यांच्यात कायमची ओढाताण. सार्तीनने १७७६ च्या फर्मानांनी गोदीतल्या कामावर लष्करी अधिकाऱ्यांचा अधिकार वाढवला आणि बंदरं व गोद्यांचं संचालकपद फ्लरिओ या जाणकार नौदल अधिकाऱ्याला दिलं. आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याच्या हाती सोपवणं, हा गुण मला त्याच्यात फार मोठा वाटतो. लाकूड, दोर, तोफा यांचे साठे भरले आणि १७७८ मध्ये अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरताना फ्रान्सकडे लढण्याजोगं आरमार होतं. त्याच जुलैत उशांच्या लढाईत ते इंग्रजांसमोर उभं राहिलं आणि मोडलं नाही.

पुण्याची बाजू मात्र वेगळी आहे. लुबिन चौलला उतरून पुण्याला आला. सैन्य आणि तोफा देतो, बदल्यात चौल बंदर द्या, असं त्याचं बोलणं होतं. नानांनी त्याला मानाने ठेवून घेतलं आणि इंग्रज वकील मॉस्टिनच्या पोटात गोळा आला. फ्रेंच फौज शेवटपर्यंत आली नाही, पण ती येईल या धास्तीने मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांची युद्धाची घाई वाढली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांकडून हार खाल्ली, त्यामागच्या कारणांत ही धास्तीही होती. लुबिनसारख्या बोलघेवड्या माणसावर भिस्त ठेवणं ही मी सार्तीनची चूक मानतो. तोवर ऑक्टोबर १७७८ मध्ये फ्रेंचांची पाँडिचेरीही इंग्रजांच्या हाती गेली होती, म्हणजे हिंदुस्थानकडे त्याचं पुरेसं लक्ष नव्हतंच.

मार्च १७७९ मधली एक गोष्ट सांगायलाच हवी. इंग्रज दर्यावर्दी संशोधक कॅप्टन कुकची जहाजं दिसली तर त्यांना शत्रू समजू नका, असा हुकूम त्याने फ्रेंच कप्तानांना दिला. इंग्लंडशी युद्ध चालू असताना! कुक त्याआधीच फेब्रुवारीत हवाईत मारला गेला होता, पण ती बातमी युरोपात पोहोचली नव्हती.

सार्तीनला पाडलं ते पैशाने. खजिना सांभाळणाऱ्या नेकेरला न सांगता आरमाराच्या नावावर सुमारे २ कोटी लिव्रचं (तेव्हाचं फ्रेंच चलन) कर्ज उचललं गेलं, ते उघड झालं आणि ऑक्टोबर १७८० मध्ये त्याला जावं लागलं. नेकेरचा राग मला समजतो, कारण चोरून काढलेलं कर्ज कुठलाच खजिनदार खपवून घेणार नाही. पण वर्षभरात अमेरिकेत यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले, ते समुद्राची वाट फ्रेंच आरमाराने अडवली म्हणून. तिथे लढलेली रोशांबोची फौज सार्तीन मंत्री असतानाच ब्रेस्टहून निघाली होती. विजयाचं श्रेय त्याच्या जागी आलेल्या कास्त्रीला मिळालं.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सार्तीन स्पेनला गेला. फ्रान्समध्ये राहिलेल्या मुलाचा जून १७९४ मध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झाला, सुनेचाही त्याच दिवशी. सार्तीन १८०१ मध्ये तारागोनात वारला, जन्मगावापासून फार लांब नाही.