इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपला 2 इंच लिफ्ट केली आहे, म्हणजे सस्पेन्शनमधून गाडी उंच केली आहे. मूळ 245/70 आर16 काढून 265/75 आर16 हे मोठे टायर टाकले तर घासतील का?

घासतील. सरळ जाताना नाही, दुकानासमोर उभी असताना तर मुळीच नाही. स्टिअरिंग पूर्ण लॉक आणि त्याच वेळी चाक खड्ड्यात, असं झालं की घासतील. लिफ्टवाला म्हणेल दोन इंच जागा झाली. झाली, पण वर. पुढचा टायर लागतो त्याच्या मागच्या अंगाला, मडफ्लॅप आणि मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला. शिवाय वरची जागाही उधारीची, सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की चाक जवळजवळ जुन्याच जागी येतं.

हे आमच्या दाजींना सांगून माझं तोंड दुखलं. त्यांच्या व्ही-क्रॉसलाही पुढच्या सस्पेन्शनवर स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) टाकून तुमच्याएवढीच लिफ्ट आहे आणि हेच 265/75 टायर, तेही मड टेरेन, चिखलासाठीचे खोल खाचांचे. वर हौस म्हणून चाक बाहेर काढणारी अलॉय. अलॉय जितकी बाहेर, तितका वळताना टायर मोठा घेर घेतो आणि नेमका मागच्या प्लास्टिकवर जातो. दुकानदारानं गाडी आवारात एकदा फिरवली, "बघा, लागतंय का कुठं?" मी म्हटलं, एक चाक उंचवट्यावर चढवून लॉक मारून बघू. दाजी म्हणाले, "तुझं सगळं पुस्तकी." बहिणीच्या नवऱ्याला दुकानदारादेखत किती बोलणार? गप्प बसलो.

गणपतीत कराडहून चिपळूणला निघालो. गाडीत पाच माणसं, हौद्यात गुळाच्या ढेपा आणि ज्वारीचं पोतं. कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली उतरायला लागलो. उतारावर ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, वर पावसाळ्यातले खड्डे. पहिल्याच आवळ वळणाला डावीकडून खर्रर्र. ताई दचकली, "काय फुटलं?" दाजी म्हणाले, "दगड लागला." पुढच्या वळणाला परत दगड. त्याच्या पुढच्यालाही. पोफळीला चहाला थांबलो तेव्हा मी वाकून बघितलं, तर प्लास्टिक चावून काढलेलं, क्लिपा तुटलेल्या, एक पट्टी लोंबतेय. दाजी चहा पीत होते. म्हणाले, "दगडच असणार."

चिपळूणच्या एका गॅरेजवाल्यानं फाटलेला भाग कापला, उरलेला हीट गननं तापवून आत दाबला, मडफ्लॅप काढून टाकले आणि अलाइनमेंटमध्ये पुढची चाकं थोडी पुढे सरकवली. त्यानंतर घासणं जवळपास बंद झालं. म्हणजे तुमच्याही गाडीत बसवता येतील, पण हे सगळं करून. लिफ्टनंतर अलाइनमेंट तशीही करावीच लागते, नाहीतर वळणावरून स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. घरी पोचल्यावर दाजींनी सगळ्यांना काय सांगितलं? "कुंभार्लीचा रस्ता लई बेकार झालाय."

आता हिशोब. मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम इंचात. 245/70 आर16 ची उंची साधारण 749 मिलिमीटर, 265/75 ची 804. फरक सात टक्क्यांचा. मीटरवर 100 दिसेल तेव्हा गाडी 107 ला असेल. किलोमीटरही कमी पडतात, म्हणून ॲव्हरेज खऱ्यापेक्षा कमी दिसतं. (दाजी त्याचा दोष डिझेलला देतात.) चढाला दुसरा गिअर जड लागतो, ब्रेकला काम वाढतं. एवढं करून डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला, दगडाला पहिला टेकणारा गोळा) वर जातो 27 मिलिमीटर. एक गोष्ट मात्र दाजींची खरी: लिफ्टनं मागचा डिफरन्शियल तसूभरही उचलला जात नाही, ते टायरच करतो.

मी स्वतः 265/70 आर16 ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचे) वापरतो, मूळ रिमवर. 777 मिलिमीटर, काही कापावं लागलं नाही. कोकणातल्या लाल चिखलात अजून कधी अडकलो नाही. मड टेरेन ओल्या डांबरावर घसरतात आणि त्यांची घरघर हायवेवर डोकं उठवते. नव्वद टक्के वेळ तुम्ही डांबरावरच असणार. दिसायला दाजींची गाडी भारी दिसते, मान्य. त्यांनी मला अजून चार लोकांत 'बारीक टायरवाला' म्हणणं सोडलेलं नाही.

स्टेपनी त्याच मापाची घ्या आणि हौद्याखाली बसते का ते आधी बघा. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील तशीही टाकायची नसते, एक चाक वेगळ्या मापाचं असताना तर मुळीच नाही; ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) मार खाते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: वरचं गणित 16 इंची रिमचं आहे. 18 इंची मॉडेल असेल तर मूळ माप 255/60, तेव्हा आकडे बदलतील. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकालही बघून ठेवा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालत नाही आणि अपघात झाल्यावर विमावाला नेमकं तेच उकरून काढू शकतो. तुमची लिफ्टही त्यात आली.