चिठ्ठी कोणी उघडायची, आणि कधी?

वाचकांचे प्रश्न : फिजिओथेरपी

प्रश्न : सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन पाच आठवडे झाले. उजवा हात-पाय गेलाय, बोलणंही अडखळतं. दवाखान्यात सांगतात की दोन प्रकारच्या व्यायामांची तुलना चालू आहे, कोणता मिळणार ते चिठ्ठीवर ठरेल. घरचे म्हणतात, आपल्या माणसाला प्रयोगाला कशाला द्यायचं? शिवाय चिठ्ठीत ‘नेहमीचे व्यायाम’ निघाले तर नुकसानच ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी दुसऱ्या शंकेचं बघू. नवं ते सरस, असं धरून चालू नका. झटक्यानंतर २४ तासांच्या आत पेशंटला उठवायचं आणि पुन्हा पुन्हा चालवायचं, ही कल्पना कोणालाही पटेल अशीच आहे. ‘अव्हर्ट’ या अभ्यासात २,१०४ पेशंटवर ती तपासली आणि २०१५ साली निकाल आला. तीन महिन्यांनी चांगले सावरलेले नेहमीच्या गटात ५० टक्के होते, लवकर आणि जास्त उठवलेल्यांत ४६. भारतातल्या १४ रुग्णालयांत ‘अटेंड’ हा अभ्यास झाला, १,२५० पेशंटचा. घरच्यांना शिकवून घरीच व्यायाम करून घ्यायचे, त्याने फरक पडतो का, हा त्यातला प्रश्न. २०१७च्या निकालात सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच होतं, ४७ टक्के. कोणता उपाय बरा हे खरोखर ठाऊक नसतं, तेव्हाच चिठ्ठी टाकणं न्यायाचं ठरतं.

मात्र ‘नेहमीचे’ म्हणजे काय, ते आकड्यांत विचारा : आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटं, करून घेणार कोण. एरवी रोज फिजिओ मिळाला असता आणि अभ्यासात नुसता छापील कागद हातात मिळणार असेल, तर सरळ नाही म्हणा.

सही करण्याआधी मराठीतलं माहितीपत्रक घरी आणून सावकाश वाचा. एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यास पेशंटच्या हिताला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, व्यायामात पडून इजा झाली तर उपचार मोफत होणार का, येण्या-जाण्याचं भाडं कोण देणार, हे विचारा. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या अशा अभ्यासांची सरकारी नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक मागा. त्यात वर्ष आणि महिना लिहिलेला असतो, आणि संकेतस्थळावर तो अभ्यास कोणालाही बघता येतो. सासऱ्यांना वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असं नव्हे. सही घरच्यांनी केली तरी सासऱ्यांना खुणेने, थोडक्यात समजावून त्यांचा होकार घ्यायलाच हवा. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

प्रश्न : एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) थीसिससाठी गुडघ्याच्या संधिवातावर दोन गट करायचे आहेत, एकूण ६० पेशंट. ओपीडी नंबर सम आला तर अ गट, विषम आला तर ब, असं चालेल का? गळती (मधेच सोडून जाणारे) २० टक्के धरून ७२ घेणार आहे.
– विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : सम-विषम चालणार नाही. केसपेपर हातात आला की पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार हे तुम्हाला आधीच कळतं. मग मनात नसतानाही जास्त दुखणाऱ्या मावशींना ‘उद्या या’ म्हटलं जातं, आणि गट तिथेच बिघडतात. ‘पहिले ३० अ, पुढचे ३० ब’ यातही हाच दोष आहे.

पाकिटं करा. क्रम संगणकावर काढायचा, चार आणि सहाचे गठ्ठे मिसळून, प्रत्येक गठ्ठ्यात निम्मे अ, निम्मे ब. फक्त चारचे ठेवले तर चौथा ओळखता येतो. हे काम पेशंटना न बघणाऱ्या व्यक्तीने करायचं. पांढरं पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं अक्षर दिसतं, म्हणून चिठ्ठी चांदीच्या कागदात घडी घालून ठेवा आणि आत कार्बन पेपर घाला. बाहेर अनुक्रमांक. पेशंटची संमती आणि पहिली मोजमापं झाल्यावरच, पाकिटावर नाव आणि तारीख लिहून मग ते फोडायचं. कार्बनमुळे लिहिलेलं आतल्या चिठ्ठीवर उमटतं, त्यामुळे पाकीट नंतर बदलता येत नाही.

मोजणारी व्यक्ती वेगळी ठेवा, शक्य तर खोलीही वेगळी. पेशंट कुठल्या गटात आहे हे तिला कळता कामा नये. ‘कुठला व्यायाम करता ते सांगू नका’ असं पेशंटला प्रत्येक वेळी आठवण करून द्या, कारण आपल्याकडची माणसं आपुलकीने सगळं सांगून टाकतात. ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ही चाचणी घ्या. खुर्ची हात नसलेली, बैठक ४३ सेंटिमीटर उंच, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवलेली. पेशंटचे हात छातीवर घडी घातलेले. ओपीडीतली प्लॅस्टिकची खुर्ची वजनाने दबते आणि दर वेळी वेगळीच हाती येते. दोन-तीन सेंटिमीटर खाली बसलं की दुखऱ्या गुडघ्याला उठणं जड जातं, आणि खुर्चीतला फरक उपचारातला फरक म्हणून छापला जातो. एकच लाकडी खुर्ची राखून ठेवा, तिच्यावर खूण करा. चप्पल किंवा अनवाणी, जे पहिल्यांदा तेच शेवटी. गोनिओमीटरने (सांधा किती वाकतो ते मोजायच्या कोनमापकाने) कोन मोजणार असाल तर पाच अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातलाच असू शकतो, त्यावर निष्कर्ष बांधू नका.

आता आकडा. ७२ मधून २० टक्के गेले की उरतात ५७, ६० नव्हे. ६० ला ०.८ ने भागा : ७५ हवेत. आणि गळती कधी होणार ते आपल्या भागात आधी दिसतं. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बायका ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीत येणार नाहीत, हळद काढणीत तर नाहीच नाही. सहा आठवड्यांचं वेळापत्रक त्याआधी संपेल असं बसवा, नाहीतर गावात जाऊन शेवटची मोजणी करायची तयारी ठेवा. खुर्चीही सोबत न्या. ज्यांनी व्यायाम सोडले त्यांनाही मोजायचं, आणि चिठ्ठीने दिलेल्या गटातच धरायचं. त्यांना वगळलं की टिकून राहिलेले, म्हणजे मुळात बरे असलेलेच उरतात आणि उपचार आहे त्याहून गुणकारी दिसतो. सीटीआरआय नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

प्रश्न : गुडघ्याच्या एका मशीनच्या जाहिरातीत लिहिलंय, ‘४० रुग्णांची वेदना सहा आठवड्यांत निम्मी’. घ्यावं का?
– निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : त्या ४० जणांशेजारी मशीन न लावलेले ४० होते का, एवढंच विचारा. गुडघा अगदी असह्य झाला की माणूस दवाखाना गाठतो. संधिवाताचं दुखणं कमी-जास्त होतच असतं, त्यामुळे सहा आठवड्यांनी ते काही न करताही बरंच उतरलेलं असू शकतं. तुलनेचा गट नसेल तर हे उतरणं मशीनच्या नावावर जमा होतं. पैसे तूर्त राखा आणि जवळच्या फिजिओकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्या. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, ती पाच सेकंद दाबून धरायची, दहा वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलं असलं, तर दहाचे सहा करा, बंद करू नका.